पडदा पातळ की जाड

११ नोव्हेंबर १९६५, तळोदा

ठोके होते. मला ऐकू आले नाहीत.

काल सकाळी आमशा दवाखान्यात आला. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यावरचा. बायको आदल्या दिवसापासून अडलेली. साहेब — म्हणजे आमच्या दवाखान्याचे डॉक्टर — धुळ्याला गेलेले. जीप होती. मी आणि रूपलीबाई निघालो. रूपलीबाई दवाखान्यातली आया. डोंगरातलीच आहे, भिल्ली बोलते, म्हणून पाड्यावर माझं तोंड तीच. आणि अलीकडे माझे कानही तीच, हे लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय.

बाई थकली होती पण तशी बरी होती. पोटावर नळी ठेवली. लाकडी नळी, एक तोंड पोटावर, दुसऱ्याला आपला कान. काही नाही. जागा बदलली. श्वास धरला. डावा कान लावला. काही नाही. मी रूपलीबाईला म्हटलं, "ठोके नाहीत." तिने ते सासूला सांगितलं. सासू होती तिथे खाली बसली. बाहेर आमशाला कळलं.

बाळंतिणीने तोंड भिंतीकडे केलं आणि जोर करायचा थांबवला. हे मी विसरणार नाही. पोटातलं मेलं म्हटल्यावर ती कशासाठी जोर करील?

दुपारनंतर मूल बाहेर आलं. मुलगी. तोंड उघडं, छाती वरखाली. रूपलीबाईने माझा दंड धरला. "रडी ऱ्हायनी बाई, रडी ऱ्हायनी!" मला ते मुलीच्या तोंडाकडे बघून समजलं. आवाजावरून नाही.

कुणी रागावलं नाही. उलट मेलेली पोर परत आली म्हणून सगळे हसत होते. आमशाने जीपमध्ये दोन भोपळे ठेवले. येताना सबंध घाट रूपलीबाई बोलत होती आणि मी मान हलवत होते. डोक्यात एकच — साहेब बरोबर असते, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी मेलेलं मूल तोडून काढायचं अवजार लावलं असतं तर?

१२ नोव्हेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. सरळ.  त्यांनी मला खिडकीशी बसवून दोन्ही कान बघितले. दोन्ही पडद्यांना भोकं. उजव्याचं मोठं, डाव्याचंही लहान नाही.

मला नवीन नाही. सात-आठ वर्षांची असताना प्रकाशाला तापीत पोहून पोहून कान फुटले. दर पावसाळ्यात वाहायचे. आई कापूस घालायची, दिवाळीला कोरडे व्हायचे. धुळ्याला सुईणीचं शिक्षण घेतलं तेव्हा ठोके ऐकू येत होते, चांगले येत होते. गेल्या दोन वर्षांत कमी झालं. इतकं कमी झालं हे परवा कळलं.

साहेब म्हणाले, आजपासून बाळंतपणाला एकटी जायचं नाही. कागदावर काही चढवत नाही, पण जायचं नाही. त्यांचे एक वर्गमित्र मुंबईला कानाचे डॉक्टर आहेत, डॉ. कामेरकर. दोन वर्षं जर्मनीत होते, तिथे पडदा नवा बसवायला शिकले. साहेब त्यांना लिहिणार आहेत.

"बसवतात तो कशाचा?" मी विचारलं.

"कानाचाच," साहेब म्हणाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

२३ नोव्हेंबर

दिवसभर देवीच्या लशी. दंड, सुई, दंड, सुई. यात ऐकावं काही लागत नाही.

५ डिसेंबर, प्रकाशा

दोन दिवस भावाकडे आले. लोटनदादाने या वर्षी नदीकाठच्या मळ्यात केळी लावली आहे. मुंबईचं काढलं तर त्याने जेवता जेवता हात थांबवला.

"कान गया ते गया," तो म्हणाला. "घर ये. तुले खावाले काय कमी शे?"

कमी काहीच नाही. ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही. नवरा विषमज्वराने गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. तेव्हाही दादा हेच म्हणाला होता आणि मी धुळ्याला गेले होते. माझ्या हातून आजवर किती मुलं झाली ते मी मोजलेलं नाही. पण तळोद्याच्या बाजारात बाया मुलाला वर उचलून दाखवतात — ही तुमची. घरी बसून हे कुठून आणू?

शांतावहिनी चुलीपाशी होती. माझ्याशी बोलताना सगळ्यांसारखी तीही ओरडते. पण दादाशी ती हळू बोलली, आणि मला तिचे ओठ दिसत होते. "तिले जाऊ द्या. ती घर बठनारी नही शे."

दादा उठून हात धुवायला गेला. परत येऊन म्हणाला, मुंबईला मी सोबत येईन. एवढंच.

१९ जानेवारी १९६६, तळोदा

मुंबईचं उत्तर आलं. फेब्रुवारीत या. कान तोवर अगदी कोरडा ठेवा. न्हाताना तेलात भिजवलेला कापूस घालते आहे.

८ फेब्रुवारी, मुंबई

काल नंदुरबारला गाडीत बसलो, सुरतेला बदलली, सकाळी इथे. उतारा धर्मशाळेत. दादाला इथलं पाणी आवडत नाही, चहा आवडत नाही, काही आवडत नाही. पण हॉस्पिटलच्या बाकावर तो माझी पिशवी मांडीवर घेऊन सबंध दिवस बसला.

डॉ. कामेरकर आमच्या साहेबांपेक्षा तरुण दिसतात. हळू बोलतात. कानाच्या डॉक्टरने हळू बोलावं! मी तसं म्हटलं तर हसले आणि कागदावर लिहून विचारू लागले. त्यांनी ठोकल्यावर थरथरणारा एक चिमटा वाजवून कपाळावर ठेवला, कानामागे ठेवला. म्हणाले, आतली नस चांगली आहे. आवाज पोचवणारं दार तेवढं मोडलंय.

मग त्यांनी सिगारेटच्या कागदाचा नखाएवढा तुकडा कापला. औषधाने ओला केला आणि नळकांड्यातून बघत बघत उजव्या कानातल्या भोकावर चिकटवला. जरा गार लागलं.

आणि पंखा ऐकू आला.

वर पंखा होता. फिरताना मी बघितला होता. तो आवाज करतो हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर कुणी बादली ठेवली. माझ्या स्वतःच्या लुगड्याची घडी बोलली. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले. डॉक्टर पाठमोरे होऊन कुजबुजले, "तुमचं गाव?" मी म्हटलं, "प्रकाशा." ते पुन्हा पाठमोरेच, "काय पिकतं?" मी म्हटलं, "कापूस, केळी, आता ऊस." दारात दादा उभा होता. त्याने डोळ्यांना रुमाल लावला आणि मग रुमालाने मान पुसली, जणू घामच आला होता.

हा नुसता कागद आहे, डॉक्टर म्हणाले. दोन-चार दिवसांत निघून जाईल. दार दुरुस्त केलं तर काय मिळेल ते बघायला लावतात.

९ फेब्रुवारी

रोगी बहुतेक एवढंच विचारतात — बोलणं ऐकू येईल ना? मी ठोक्यांचं विचारलं. डॉक्टरांनी कलम खाली ठेवलं. मी पाड्यावरची गोष्ट सांगितली. नळी पिशवीत होती, काढून दाखवली.

ते उठले. "चला," म्हणाले. मला घेऊन दोन जिने चढून बाळंतिणींच्या वॉर्डात. तिथल्या सिस्टरला विचारून दिवस भरलेल्या एका बाईच्या पोटावर मी नळी ठेवली. कागद लावलेला उजवा कान.

आले. लांबून, कापडाखालून आल्यासारखे, पण आले. मी बोटाने हवेत मारत गेले आणि ठोके आधीच मोजलेली सिस्टर घड्याळाकडे बघून मान डोलवत राहिली. जुळत होतं.

खाली आल्यावर डॉक्टरांनी तो कागद काढला. त्याच कागदाचे तीन-चार थर एकावर एक चिकटवले आणि ते जाड ठिगळ लावलं. ते पुन्हा पाठमोरे होऊन कुजबुजले, मी सगळं बरोबर सांगितलं. पंखा मात्र गेला. परत दोन जिने. तीच बाई, पोटावर तीच जागा.

काही नाही.

बाई बिचारी घाबरली. काय झालं, काय झालं म्हणाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, बाळ छान आहे, माझाच कान तपासतायत. माझ्या तोंडून "ठोके नाहीत" परत निघणार नव्हतं.

१० फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी सगळं समजावलं. जसं समजलं तसं लिहिते.

पडदा म्हणून स्नायूवरचा पापुद्रा लावतात. पण माझ्या नाकाकडून कानाकडे जाणारी वाट नीट उघडत नाही. आत हवा कमी पडते, पडदा आत ओढला जातो. पापुद्रा टिकायचा नाही. म्हणून ते कानाच्या भोकापुढचं कोवळं हाड घेणार. आपण कान दाबून बंद करतो तेव्हा जे बोटाखाली येतं ते. ते ओढलं जात नाही, कुजत नाही.

पण आहे तसं लावलं तर जाड. माणसांचं बोलणं, अगदी कुजबुजसुद्धा, ऐकू येईल, जन्मभर टिकेल. खालचे, दबके आवाज अडतील. ठोके त्यातच आले. पात्याने तासून पातळ केलं तर तेही येतील — बहुतेक. पण पातळ तुकडा वळतो, कडेने सुटतो, सर्दी-पडशात फाटू शकतो.

किती पातळ म्हणजे बरं, मी विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगू? हे अजून कुणी नीट मोजलेलं नाही. मी जाड लावतो, कारण जाड लावलेले रोगी परत येत नाहीत." आणि कागद म्हणजे हाड नव्हे, हेही दोनदा सांगितलं.

दादा म्हणाला, जाड. टिकेल ते घ्यावं. शेतकरी माणूस, त्याचं चुकलं नाही.

मी म्हटलं, पातळ. नाहीतर मी कशाला आले एवढ्या लांब?

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे नाही. "ठीक आहे. पातळ."

१६ फेब्रुवारी

झालं. उजव्या कानाचं, जागेपणीच केलं, सुईने बधिर करून. दुखलं कमी, घाबरले जास्त. हाड तासतानाचा आवाज मात्र हाडातूनच आला — खर, खर, पाटीवर पेन्सिल घासल्यासारखा. डॉक्टर तीनदा थांबले. नर्सला म्हणाले, अजून थोडं. मग म्हणाले, बास, यापुढे हिंमत नाही.

१७ फेब्रुवारी

शिंकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. डोकं भिजवायचं नाही. दादाने सकाळपासून कुणाला शेजारी मिरची कापू दिलेली नाही.

९ मार्च

कानातली पट्टी आज काढली. पडदा धरला आहे! डॉक्टरांनी आरशातून बघत "हं" म्हटलं, आणि ते "हं" मला ऐकू आलं. दुपारीच परत निघालो. गाडीत सुरतेपर्यंत मी एका जैन म्हातारीच्या नातवाची बडबड ऐकत होते. म्हातारी कंटाळली, मी नाही.

३ मे, तळोदा

पहिले ठोके. भटू गुरवाच्या सुनेच्या पोटातले. साहेब शेजारी त्यांची नळी घेऊन उभे. आधी मी, मग ते. मी एक आकडा सांगितला, त्यांनी ऐकून तोच सांगितला. रूपलीबाई दाराशी उभी राहून हसत होती. साहेब म्हणाले, उद्यापासून जीप तुमची.

१० जुलै

एक गोष्ट मी धरलीच नव्हती.

बाया आता माझ्याशी हळू बोलतात. आधी सगळ्या ओरडून बोलायच्या, म्हणजे सगळ्या दवाखान्याने ऐकावं असंच बोलायच्या. पोटात दुखतं, पाय सुजतात, एवढंच. माझ्याशी ओरडून काय सांगणार? काय सांगायचं राहत होतं ते मला माहीतच नव्हतं.

आज रंजनाबाई आली होती. पाटील घरची सून, तीन मुलं, तिन्ही माझ्याच हातची. सासू बाहेर बाकावर. मी नाडी बघत होते तेव्हा ती माझ्या उजव्या बाजूला वाकली.

"मले आते चौथं नको, बाई. ते लूप का काय म्हनतस, ते बसाडी द्या. सासूले सांगू नका."

तिन्ही वेळा ही बाई माझ्यापुढे निजली होती. तिसऱ्या वेळी कदाचित तिने हेच सांगायचा प्रयत्न केला असेल. तेव्हा तिचे ओठ हलले होते, आणि मी समजले पाणी मागते. मी पाणी दिलं होतं.

लेडी डॉक्टर येतात त्या दिवशी अंगावरून जातंय म्हणून सासूला सांगून ये, असं तिला सांगितलं. तेही हळू आवाजात. मला हळू बोलायची सवय राहिली नाही, दोनदा घसा खाकरावा लागला.

२१ जुलै

रंजनाबाईचं काम झालं. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. शहाणी आहे.

८ ऑगस्ट

आणखी दोघी. एकीचं लूपचं, एकीचं दुसरंच — नवरा मारतो.  ऐकलं. ती बोलून मोकळी झाली आणि डोक्यावर पदर घेऊन गेली.

१२ सप्टेंबर

आठवडाभर पडसं. आज सकाळी उशीवर ओला डाग. कान ओला.

मी कितीतरी वेळ उठलेच नाही.

१३ सप्टेंबर

साहेबांनी बघितलं. पडद्याची खालची कड सुटली आहे, फाट मोठी आहे. ते काही बोलण्याआधी मीच म्हटलं, मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. साहेबांनी कोरडा कापूस माझ्या हातात ठेवला. मुंबईला ते आजच लिहितात.

रडू आलं नाही. दुपारी ओसरीवर रूपलीबाईने भाकरीचा तुकडा पुढे केला, तेव्हा आलं.

१७ सप्टेंबर

प्रसूतीला करमसिंगची बायको आली. पावसाने ओढ्याला पूर, पलीकडे गेलेले साहेब अडकलेले. नळी माझ्या हातात. लावून बघितली. उपयोग नाही हे ठाऊक असून लावली.

मग नळी रूपलीबाईला दिली. ती मागे सरली. मला मोजता येत नाही म्हणाली. मी म्हटलं, मोजू नको, नुसतं ऐक, आणि ठोका आला की माझ्या मनगटावर बोट मार.

तिने नळीला कान लावला. पहिल्यांदा काहीच नाही. मीच नळी सरकवून खाली, डाव्या बाजूला आणली. बाळाची पाठ कुठे असते ते हाताला कळतं, त्याला कान लागत नाही. रूपलीबाईचे डोळे मोठे झाले.

"घोडा पयी ऱ्हायना, बाई," ती म्हणाली.

आणि तिचं बोट माझ्या मनगटावर पळायला लागलं. टप टप टप टप. मी घड्याळाकडे बघत मोजत राहिले. चांगले होते, भक्कम. कळ आली तशी बोट मंदावलं, कळ सरली तसं पुन्हा पळालं. जसं व्हायला हवं तसंच. आम्ही दोघी पहाटेपासून दुपारपर्यंत अशा बसलो. मुलगा झाला. रडलेला मला फारसा ऐकू आला नाही, पण तो रडणार हे मला आधीच माहीत होतं.

१९ सप्टेंबर

साहेब परत आले. त्यांना सांगितलं. त्यांनी रूपलीबाईला बोलावलं, स्वतः एका गरोदर बाईच्या पोटावर नळी लावली आणि मग तिला दिली. तिने त्यांच्या मनगटावर बोट मारलं. साहेब घड्याळ बघत राहिले. मग म्हणाले, जीपमध्ये दोघी जा. दोघी असाल तर जा.

६ ऑक्टोबर

आज एक बाई माझ्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. डोंगरातली नव्हे, खालच्या गावातली. दोनदा म्हणाली. मी "काय?" म्हटलं. तिने बाहेर बघितलं, तिथे तिचा दीर उभा होता. मग जरा मोठ्याने म्हणाली, "काई नही." आणि गेली.

११ ऑक्टोबर

मुंबईचं पत्र. डॉ. कामेरकर दिवाळीनंतर पुन्हा करायला तयार आहेत. लिहितात, या वेळी आणखी काळजीने तासू, तुमचे ठोके परत मिळवायचा प्रयत्न करू.

१४ ऑक्टोबर १९६६

उत्तर टाकलं. दोनच वाक्यं.

तासू नका. जाड लावा.